आधी वाटप, मग सिमेंट

पांझरेच्या काठी फडात जमीन असलेल्या शेतकऱ्याला पूर्वापार दोन गोष्टींची मुभा नव्हती. यंदा त्या फडात काय पेरायचं हे त्यानं एकट्यानं ठरवायचं नाही, आणि पिकाला पाणीही स्वतः भरायचं नाही. पीक सगळा गाव मिळून ठरवणार आणि पाणी भरणार पाटकरी. आपल्या बांधावर आपणच राजा असं मानणाऱ्या कुणालाही हे जाचक वाटेल. तरीही धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही व्यवस्था तीन-चारशे वर्षांपासून चालत आल्याचं मानलं जातं, आणि तिचा बराचसा काळ सरकारी खात्याच्या मदतीविना गेला. शेतकऱ्यांनी चालवलेल्या छोट्या सिंचन योजना सुधारायच्या म्हटलं की लगेच अंदाजपत्रक, सिमेंट आणि पाइप यांच्याकडे लक्ष जातं. त्याआधी या फडांकडे जरा नीट बघायला हवं.

फड पद्धतीची रचना सांगायला सोपी आहे. नदीच्या पात्रात जिथे खडक वर आलेला असेल तिथे दगडचुन्याचा बुटका बंधारा घालायचा. बंधारा पाणी साठवत नाही, वाहतं पाणी वळवतो. तिथून काठाकाठानं पाट निघतो, दोन किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत. पाटाला चाऱ्या फुटतात, चाऱ्यांना शेतापर्यंत जाणारे सारंग, आणि जादा पाणी पुन्हा नदीत सोडायला ठिकठिकाणी सांडवे. पाट आणि नदी यांच्यामधला पट्टा म्हणजे लाभक्षेत्र. त्याचे साधारण चार मोठे तुकडे केलेले असतात, तेच फड. एका फडाचा आकार दहा-पंधरा हेक्टरांपासून शे-दोनशे हेक्टरांपर्यंत काहीही असू शकतो. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतात. यंदा एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भुसार, आणि पाणी कमी असेल तर चौथा पडीक. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. जमिनीचा कस राखला जातो, आणि सतत पाणी साचून जमीन चोपण होण्याचा धोकाही कमी होतो.

या रचनेतली खरी हुशारी जमिनीच्या वाटणीत आहे. आदर्श फड पद्धतीत प्रत्येक कुटुंबाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पावसाळा संपल्यावर नदीची धार बारीक दिसली की पंच मंडळी बसतात आणि यंदा तीनच फड भिजवायचे असं ठरवतात. चौथा फड बंद राहिला तर तिथे प्रत्येकाचीच जमीन आहे, म्हणजे प्रत्येकाचंच नुकसान, आणि तेही ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात. वरच्या अंगाचा शेतकरी पाणी पिऊन बसला आणि खालच्याचं पीक करपलं, अशी वेळच येत नाही. आज मोठ्या कालव्यांवर जो भांडणाचा मुख्य मुद्दा असतो, म्हणजे मुखाशी भरपूर आणि शेपटाला ठणठणाट, तो इथे नकाशातच सोडवलेला आहे.

पाणी स्वतः न भरण्याचा नियमही असाच विचारपूर्वक घातलेला. रात्री दोन वाजता शेतकरी स्वतः दारं धरायला उभा असेल तर दोन वाफे जास्त भिजवण्याचा मोह त्याला होणारच. पाटकऱ्याला तो मोह नाही. अमक्याच्या वाफ्यात बोटभर पाणी जास्त गेलं काय न् कमी गेलं काय, त्याच्या पदरात काहीच पडत नाही. त्याचा मोबदला परंपरेनं पिकातून, धान्याच्या रूपात मिळायचा आणि तो साऱ्या फडाकडून मिळायचा. फावड्याच्या दोन घावांत तो सारंगाचं तोंड मोकळं करतो, शेत भिजलं की गवताच्या मुळांसकट उपटलेलं मातीचं ढेकूळ त्या तोंडात बसवून पायानं दाबतो, आणि पुढच्या शेताकडे वळतो. ढेकळाला गवत हवंच. नुसती माती धारेबरोबर विरघळून जाते, मुळांनी धरलेली टिकते. पाटकऱ्यांवर देखरेखीला हवालदार, पाटाच्या आणि पिकाच्या राखणीला जागल्या. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा, तोही ज्याची जितकी जमीन त्या हिशेबानं.

थोडा आकड्यांचा हिशेब करू. फडाच्या पाटाची वहनक्षमता सेकंदाला साधारण साडेचारशे लिटर धरतात. चोवीस तासांत तेवढ्या धारेतून 38,880 घनमीटर पाणी येतं. एका पाळीला शेतावर सरासरी 75 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर हेक्टरी 750 घनमीटर लागतं. थेंबही वाया गेला नाही तर दिवसाला जवळजवळ 52 हेक्टर भिजतील. पण मातीच्या पाटात थेंब वाया जात नाही असं होत नाही. वाटेत चाळीस टक्के मुरलं असं धरलं तर उरतात 31 हेक्टर. शंभर हेक्टरांचा फड पहिल्या हिशेबात दोन दिवसांत उरकतो, दुसऱ्यात सव्वातीन दिवस लागतात. असे तीन फड असले तर पाळी फिरून यायला सहाऐवजी दहा दिवस लागणार, आणि मार्च-एप्रिलमध्ये ते चार दिवस भाजीपाल्याला परवडत नाहीत. पाट दुरुस्त करून पाळी जवळ आणायची गरज आहे ती इथे. सुधारणा नकोच असं म्हणणारे परंपरेचे भक्त मला पटत नाहीत, त्याचं कारणही हेच.

सरकारी अभियंत्यांनाही हे पाणी जुनंच ओळखीचं आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांना खान्देशात पांझरेवरच्या पाटासाठी पाइप सायफन बांधायचं काम मिळालं. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या तुकड्यात ठरलेली पिकं, आणि त्या तुकड्याला पाण्याची हमी. फडाशी तिचं नातं अनेक अभ्यासक जोडतात. फरक एवढाच की ब्लॉकचं पाणी खातं सोडायचं आणि फडाचं गाव.

मग फड मोडले कशानं? सर्वांत मोठा घाव दिसायला अगदी साधा होता. विजेचा पंप आला आणि फडातच विहीर खोदता आली. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला फडाचं पीक-वेळापत्रक पाळायची गरज उरली नाही. शेजारी सगळे गहू करत असताना त्यानं ऊस लावला. पाटाच्या गाळाला तो माणूस देईना, कारण त्याचं अडत नव्हतं. गंमत अशी की त्याच्या विहिरीला पाणी बहुतेक वेळा पाटातूनच मुरलेलं असतं. दुसरीकडे नदीवर वर धरणं झाली आणि पावसाळ्यानंतर टिकून राहणारी धार क्षीण झाली. एकीकडे बंधाऱ्यामागे गाळ भरला आणि दुसरीकडे पाटकऱ्याच्या पायलीभर धान्याला शहरातल्या रोजंदारीनं मागे टाकलं. यातलं कुठलंही एक कारण एकटं आलं असतं तर गावांनी निभावून नेलं असतं.

शेतकऱ्यांच्या अशा व्यवस्था सुधारायला गेलं की काय होतं, याचा फार नीट अभ्यास नेपाळमध्ये झाला आहे. तिथलं बरंचसं ओलित आजही शेतकऱ्यांनी स्वतः खणलेल्या आणि स्वतः चालवलेल्या कुलोंवर, म्हणजे पाटांवर, अवलंबून आहे. रुपन्देही जिल्ह्यात तिनाऊ नदीवर छत्तीस मौजा नावाची व्यवस्था आहे. थारू शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खणलेला तो पाट हजारो हेक्टर भिजवतो. नदीतला बांध दगड-झुडपांचा, पुरात वाहून जाणारा, आणि दरवेळी गावोगावच्या माणसांनी जाऊन पुन्हा घालायचा. बाहेरून येणाऱ्या अभियंत्याला हे हलाखीचं वाटतं. दरवर्षी वाहून जाणारा बांध घालण्यात काय शहाणपण? पक्का काँक्रीटचा बांधा की कटकट संपली.

पुढे 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या शंभराहून अधिक योजनांची माहिती गोळा करून तपासली, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. काँक्रीटचे पक्के बांध असलेल्या अनेक योजनांत शेपटाला पोहोचणारं पाणी कच्च्या बांधांच्या योजनांपेक्षा कमी होतं. कारण शोधलं तर ते माणसांच्या देवघेवीत सापडलं. बांध दरवर्षी वाहून जात असेल तर तो घालायला मुखाकडच्या शेतकऱ्यांना शेपटाकडचे हात लागतात. शेपटाकडचे म्हणतात, आम्ही येतो, पण पाण्यात आमचा वाटा ठेवा. बांध पक्का झाल्यावर मुखाकडच्यांना कुणाचीच गरज उरली नाही. शेपटाकडच्यांच्या हातातलं एकमेव चलन काँक्रीटनं एका पावसाळ्यात रद्द करून टाकलं.

यातून काँक्रीट वाईट असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, तो टाळावा. ऐंशीच्या दशकात नेपाळच्याच सिंधुपाल्चोक जिल्ह्यात इंद्रावती नदीच्या खोऱ्यातल्या 19 छोट्या पाटांवर एक वेगळा प्रयोग झाला. पैसा थोडा द्यायचा. तो कुठे घालायचा याची क्रमवारी शेतकऱ्यांनीच लावायची, कमी महत्त्वाची कामं श्रमदानातून करायची, आणि चांगल्या चालणाऱ्या पाटांवर नेऊन शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांना शिकवायचं. सुरुवातीला जवळजवळ सगळीकडे पाणी वाढलं. दोनेक दशकांनी ऑस्ट्रॉम आणि वाय फुंग लाम यांनी पुन्हा पाहिलं, तर तो फायदा मोजक्याच योजनांत टिकला होता. तिथे लिहिलेले नियम होते, मोडणाऱ्याला दंड होता, पुढाकार घेणारी माणसं होती आणि एकत्र येऊन काम करायची सवय सुटलेली नव्हती. पैशाच्या पहिल्या हप्त्याचं यश फार लवकर मोजलं जातं, हा आपल्याकडच्याही योजनांचा रोग आहे.

आपल्याकडचं याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. खांबांच्या खोबणीत पावसाळा संपताच बरगे बसवायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाआधी ते काढून ठेवायचे. कल्पना उत्तम आहे. पूर मोकळा वाहतो, गाळ अडत नाही. पण बरगे ऑक्टोबरात बसवायचे कुणी? उशिरा बसवले तर परतीच्या पावसाचं पाणी निघून जातं. जूनमध्ये काढायचे कुणी? राहिले तर पुराचं पाणी काठ फोडून शेतात घुसतं. काढलेले कुठे ठेवायचे? लोखंडी असले तर भंगारवाला वाट पाहत असतो. रबरी पट्टी फाटली की फटींतून धार सुरू. राज्यात कोरडे पडलेले असे कितीतरी बंधारे दिसतात, ज्यांचं काँक्रीट ठणठणीत आहे आणि बरगे गायब आहेत. दुरुस्तीचा प्रस्ताव मात्र बहुधा काँक्रीटचाच जातो.

तेव्हा गावच्या पाटावर पैसे घालायचे झाले तर काय क्रमानं घालावेत? आधी चालावं. एप्रिलात, पाट वाहता असताना, मुखापासून शेपटापर्यंत, वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांचे शेतकरी एकत्र घेऊन चालावं. पाटाखालच्या बांधावर भर उन्हाळ्यात हिरवंगार गवत किंवा लव्हाळा दिसला की तिथून पाणी झिरपतंय हे समजायला कुठलं यंत्र लागत नाही. खेकड्यांची बिळं, उंदरांची बिळं, जनावरं उतरून ढासळलेले काठ, सगळं नोंदवावं.

मग मोजावं. मोजणीचा जुना साधा उपाय असा. पाटाचा सरळ, सारख्या रुंदीचा वीस मीटरचा तुकडा निवडा. लाकडाची ढलपी धारेच्या मध्यावर सोडा आणि ती वीस मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. काठापाशी आणि तळाशी पाणी सावकाश वाहतं, म्हणून आलेला वेग साधारण आठ दशांशानं गुणा, मग पाण्याच्या रुंदी-खोलीनं. समजा रुंदी एक मीटर, खोली 40 सेंटिमीटर, आणि ढलपीला 40 सेकंद लागले. वेग सेकंदाला अर्धा मीटर, दुरुस्त करून 0.4 मीटर, म्हणजे प्रवाह सेकंदाला 160 लिटर. हेच मुखाशी आणि शेपटाशी केलं की मधल्या चाऱ्या बंद असताना किती पाणी वाटेत गेलं ते कळतं. नक्की कुठे गेलं हे शोधायचं तर पाट बंद असताना संशयित तुकडा दोन्ही टोकांना मातीच्या बांधानं अडवून भरावा, काठी रोवून पातळीची खूण करावी आणि सकाळी पाहावं. खूण दोन बोटं उतरली तर त्या तुकड्याला हात लावायचं कारण नाही. वीतभर उतरली तर अस्तरीकरणाचा पहिला पैसा तिथे.

अख्खा पाट अस्तर करून टाकायचा आग्रह ठेकेदाराला सोयीचा असतो. गावाला तो सोयीचा असतोच असं नाही. पाटातून मुरलेलं पाणी वाया जातं हे अर्धसत्य आहे. त्यातलं बरंच खालच्या विहिरींना मिळतं, उरलेलं नदीत परत येऊन पुढच्या बंधाऱ्याला मिळतं. पांझरेवर एकाखाली एक बंधारे आहेत ते याच भरवशावर. अस्तर केलं आणि दोन वर्षांत गावच्या पिण्याच्या विहिरीनं तळ गाठला, मग टँकर, असं होऊ नये म्हणून आधी विहिरींची पातळी नोंदवून ठेवलेली बरी. वाळूच्या पट्ट्यातून जाणारा भाग, ओढा ओलांडणारा भाग, सतत फुटणारा काठ एवढ्याला पक्कं काम पुरतं.

खर्चाच्या मानानं सगळ्यांत जास्त फळ देणारी वस्तू मात्र बऱ्याच अंदाजपत्रकांत सापडतच नाही. ती म्हणजे चाऱ्यांच्या फाट्यावर बसवलेली पक्की वाटणी. पाटाच्या आडवा एकाच पातळीचा उंबरठा घालायचा आणि त्यात हक्काच्या प्रमाणात रुंदीच्या खाचा ठेवायच्या. तीन वाटे एका चारीला आणि दोन दुसरीला असतील तर खाचांची रुंदी तीनास दोन. पाणी वाढो की घटो, प्रमाण तेच राहतं आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. नेपाळच्या डोंगरात अशा लाकडी खाचा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. गेटला किल्ली लागते, आणि किल्ली आली की ती कुणाच्या खिशात हा वाद येतो. खाचेला किल्ली नसते.

विहिरींचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्यावरचं मला पटणारं उत्तर नाशिकजवळ ओझरला मिळालं. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या या भागात पाणी येतच नव्हतं. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि खात्याकडून मोजून, घनमापन पद्धतीनं पाणी घ्यायला सुरुवात केली. मोजलेल्या पाण्यातून त्यांनी नाल्यांवरचे बंधारेही भरले, त्यानं विहिरींची पातळी वाढली आणि विहीरवाल्यांकडूनही पाणीपट्टी घेतली. फडात विहीरवाला हिशेबाबाहेर गेला होता. ओझरला त्याला हिशेबात आणलं गेलं. पुढे सगळ्या धरणाच्या लाभक्षेत्रावर संस्था झाल्या आणि त्यांच्या संघाकडे धरणाच्या पाण्याचं व्यवस्थापन आलं. शेपटाच्या लोकांनी सुरुवात केली, हे मला महत्त्वाचं वाटतं. मुखाशी बसलेल्याला नियमांची घाई कधीच नसते.

पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर याहून पुढचा प्रश्न विचारला. पाण्यावर हक्क जमिनीच्या मापानं का? त्यांच्या पाणी पंचायतीच्या सामुदायिक उपसा योजनांत माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही, असे नियम होते. ऊसबंदीवर लोक आजही नाराजी दाखवतात. पण उपशाचं पाणी दोन-तीनशे फूट वर चढवून उसाला घालायचं, तर त्या योजनेत चार घरं बागायतदार होतील आणि बाकीचे नुसते सभासद राहतील, हे गणित त्यांनी तेव्हाच मांडलं होतं.

ठिबकचं इथे नाव काढायलाच हवं, कारण सगळे तेच सुचवतात. ठिबकला रोज थोडं पाणी लागतं आणि पाटाचं पाणी येतं दहा दिवसांतून एकदा. मधलं अंतर भरून काढायला शेततळं किंवा विहीर हवी. ती ज्याच्याकडे आहे त्याला ठिबकचा फायदा होतो, ज्याच्याकडे नाही त्याच्या शेतात नळ्या उंदीर कुरतडतात. शिवाय वाचलेलं पाणी कुणाचं, हे आधी ठरलं नसेल तर वाचवणारा ते स्वतःच्याच जादा क्षेत्राला वापरतो आणि शेपटाला ओलावा पोहोचतच नाही.

2005 साली राज्यात सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला. त्यात पाण्याचा हक्क घनफळात मोजून संस्थेला मिळतो, आणि कोणतं पीक घ्यायचं हे शेतकऱ्यानं ठरवायचं. संस्थेच्या कारभारी मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांचे सारखे प्रतिनिधी असतात, अध्यक्षपदही या भागांत फिरतं. कागदावर हे उत्तम आहे. ताबा घेण्याआधी खातं आणि संस्था मिळून कालव्याची पाहणी करतात, दुरुस्त्यांची यादी होते आणि सह्या होतात. त्या दिवशी पाहणीला शेपटाकडचे किती जण येतात हे पाहावं. बहुतेक ठिकाणी गाडी मुखाशी थांबते, चहा तिथेच होतो, आणि यादीत पहिल्या दोन किलोमीटरचीच कामं येतात. ज्या संस्थांनी पाहणी शेपटाकडून सुरू करायला लावली, त्यांच्या यादीत पोटचाऱ्या आल्या, फाट्यावरच्या मोजपट्ट्या आल्या, आणि पाटकऱ्याच्या पगाराची तरतूदही आली.